विश्लेषण : स्पीड कॅमेऱ्याचा इशारा किती आधी मिळायला हवा?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज दिसणारे दृश्य. मोटार ताशी ११५ किलोमीटर वेगाने धावत असते. मोबाइलवरील नेव्हिगेशन अचानक ‘पुढे स्पीड कॅमेरा आहे’ असे सांगते. चालकाचा पाय ब्रेकवर पडतो, मागच्या मोटारीचा चालक दचकतो, त्याच्या मागचा ट्रक हॉर्न वाजवतो. कॅमेऱ्याची कमान मागे पडली की पुन्हा वेग वाढतो. दंड वाचतो, पण त्या काही सेकंदांत अपघाताची शक्यता वाढलेली असते. यात चूक अर्थातच मर्यादा ओलांडणाऱ्याची. मात्र इशारा योग्य अंतरावर मिळाला असता, तर निदान तो जोरदार ब्रेक टळला असता. हे अंतर ठरवायचे कसे आणि ते कुठे बदलता येते, याविषयी...

इशारा नेमका कुठून येतो?

मोबाइल किंवा मोटारीतील नेव्हिगेशनला कॅमेरा ‘दिसत’ नाही. कॅमेऱ्यांची ठिकाणे नकाशाच्या माहितीसाठ्यात आधीच नोंदवलेली असतात. ही माहिती नकाशा कंपन्या गोळा करतात किंवा वापरकर्ते कळवतात. उपग्रहांच्या मदतीने मोटारीचे स्थान, दिशा आणि वेग कळतो. मोटार नोंदवलेल्या ठिकाणाच्या दिशेने जात असेल आणि ठरावीक अंतराच्या आत आली, की इशारा वाजतो. म्हणजे दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते : नोंद अचूक आहे का आणि ‘ठरावीक अंतर’ किती आहे. पोलिसांच्या फिरत्या इंटरसेप्टर वाहनांची जागा रोज बदलते. कुणी तत्काळ कळवले नसेल, तर त्यांचा इशारा मिळत नाही.

अंतर महत्त्वाचे की वेळ?

चालकासाठी खरी महत्त्वाची असते ती वेळ. ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने सुमारे १४ मीटर. म्हणजे २०० मीटर आधी मिळालेला इशारा शहरात १४ सेकंदांचा अवधी देतो, द्रुतगती मार्गावर मात्र जेमतेम ७ सेकंदांचा. इशारा १०० मीटर आधी आला, तर द्रुतगती मार्गावर साडेतीन सेकंदच उरतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद इशारा ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उरलेल्या अंतरात वेग कमी करायचा, तर ब्रेक जोरात दाबावाच लागतो. मागची मोटार २० मीटरवर असेल, तर तिच्या चालकाच्या हाती पूर्ण एक सेकंदही नसतो.

म्हणूनच काही उपकरणांत इशाऱ्याची मोजणी मीटरऐवजी सेकंदांत केलेली असते. टॉमटॉम कंपनीच्या जुन्या उपकरणांत कॅमेऱ्याच्या १५ सेकंद आधी इशारा मिळण्याची व्यवस्था होती आणि हा अवधी वापरकर्त्याला बदलता येत असे. वेग वाढला की अंतर आपोआप वाढते, हा या पद्धतीचा फायदा. जिथे सेकंदांचा पर्याय नाही, तिथे हाच हिशेब मीटरमध्ये करून ठेवावा लागतो.

किती अंतर ठेवणे योग्य?

१५ सेकंदांचा अवधी धरला, तर वेगानुसार अंतर असे येते :

- ताशी ५० किमी : सुमारे २१० मीटर
- ताशी ६० किमी : २५० मीटर
- ताशी ८० किमी : सुमारे ३३० मीटर
- ताशी १०० किमी : सुमारे ४२० मीटर
- ताशी १२० किमी : ५०० मीटर

हे आकडे पुरेसे आहेत का, हे एका उदाहरणावरून तपासता येते. ताशी १०० किलोमीटरवरून ६० वर यायचे आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून, ब्रेक हलकाच दाबून वेग दर सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटरने कमी केला, तर सुमारे ११ सेकंद आणि २५० मीटर लागतात. इशारा ऐकणे, आरसा पाहणे, पाय उचलणे यासाठी तीन सेकंद धरले, तर आणखी ८० मीटर. एकूण ३३० मीटर. म्हणजे १५ सेकंदांच्या हिशेबाने येणारे ४२० मीटर अंतर सपाट रस्त्यावर पुरते आणि थोडे हाताशीही राहते.

अंतराचे दोनच पर्याय ठेवता येत असतील, तर शहरासाठी ३०० मीटर आणि महामार्गासाठी ६०० मीटर ही सोयीची विभागणी ठरते. एकच आकडा ठेवता येत असेल आणि मोटार प्रामुख्याने महामार्गावर धावत असेल, तर ५०० मीटरपेक्षा कमी ठेवू नये.

घाटात आणि पावसात काय बदलते?

उतारावर मोटारीचे वजनच तिला पुढे ढकलत असते. १०० मीटरला पाच मीटर असा उतार असेल, तर सपाट रस्त्यावर जितक्या सहज वेग कमी होतो, त्याच्या जवळपास निम्म्या गतीनेच तो कमी होतो. वरच्या उदाहरणातील ३३० मीटर अंतर मग पावणेसहाशे मीटरपर्यंत जाते. द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तर बोरघाटात ती ६० वर येते. म्हणजे वेग सर्वाधिक कमी करायचा तो नेमका घाटाच्या तोंडाशी. पुण्याहून मुंबईकडे येताना पुढे उतार असल्याने खालचा गिअर आधीच टाकणे आणि कॅमेऱ्याच्या इशाऱ्याची वाट न पाहता वेगमर्यादेच्या फलकापाशीच वेग कमी करणे हाच खात्रीचा उपाय. ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक अधिक धोक्याचा असल्याने पावसाळ्यात अंतर थोडे वाढवून ठेवणे इष्ट.

इशारा खूप आधी मिळाला तर बिघडले कुठे?

‘जितका लवकर तितका चांगला’ हा समज इथे खरा ठरत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन किलोमीटर कापायला ७२ सेकंद लागतात. एवढ्या वेळात इशारा विसरला जातो, किंवा चालक थोडा वेळ वेग कमी करून पुन्हा वाढवतो. शहरात तर मोठे अंतर ठेवल्यास शेजारच्या रस्त्यावरच्या, उड्डाणपुलाखालच्या किंवा वळणापलीकडच्या कॅमेऱ्यांचेही इशारे वाजू लागतात. सतत वाजणाऱ्या इशाऱ्याकडे काही दिवसांत दुर्लक्ष होते आणि नेमका गरजेचा इशाराही कानाआड जातो.

अंतर कुठे बदलता येते, कुठे नाही?

गुगल मॅप्समध्ये कॅमेऱ्याचा इशारा मिळतो, पण तो किती अंतरावर मिळावा हे ठरवण्याची सोय वापरकर्त्याला नाही. तिथे हाती असलेल्या गोष्टी वेगळ्या : स्पीडोमीटर आणि वेगमर्यादा दाखवण्याचा पर्याय सुरू ठेवणे, आवाज मोठा करणे आणि ‘केवळ इशारे’ हा पर्याय निवडणे. वळणांच्या सूचनांना कंटाळून आवाज पूर्ण बंद केला, तर कॅमेऱ्याचा इशाराही ऐकू येत नाही. ‘केवळ इशारे’ निवडल्यास अनावश्यक बोलणे थांबते आणि इशारे सुरू राहतात.

वेझ या ॲपमध्ये मर्यादा ओलांडताच इशारा हवा की ती काही टक्क्यांनी ओलांडल्यावर, हे निवडता येते. गार्मिनच्या उपकरणांत ‘पीओआय लोडर’ या संगणकावरील प्रणालीतून स्वतःची ठिकाणे भरता येतात आणि प्रत्येक यादीसाठी इशाऱ्याचे अंतर किंवा वेग ठरवता येतो. मात्र अंतराचे एकक मीटर आहे की फूट, हे तपासले पाहिजे. ५०० फूट म्हणजे जेमतेम १५० मीटर.

मोटारीत कंपनीनेच बसवलेल्या नेव्हिगेशनमध्ये हा पर्याय असला, तर तो बहुधा ‘सेटिंग’मधील इशारे, आवाज किंवा सुरक्षा या भागांत सापडतो. नकाशा अद्ययावत केल्यावर जुनी निवड कायम आहे ना, हेही एकदा पाहावे.

मोटारीत आधीच वाजणारा बझर पुरेसा नाही का?

जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींत वेगाचा इशारा बंधनकारक आहे. ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर तो अधूनमधून वाजतो आणि १२० ओलांडल्यावर सलग. पण या बझरला रस्त्याची मर्यादा माहीत नसते. ६० च्या घाटात ७५ वेगाने जाणाऱ्या मोटारीत तो गप्पच राहतो.

आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. मोटारीतील काटा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो. तो कमी दाखवू नये, अशी त्याची रचनाच असते. म्हणून काट्यावर १०४ आणि मोबाइलवर १०० असे दिसू शकते. हा फरक म्हणजे मर्यादा ओलांडण्याची सवलत नव्हे.

सरासरी वेग मोजला जात असेल तर?

तिथे इशाऱ्याचे अंतर कितीही ठेवले तरी उपयोग नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून ‘आयटीएमएस’ म्हणजे बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेतून ई-चलन पाठवले जाऊ लागले. या यंत्रणेत एका ठिकाणच्या वेगाबरोबर सरासरी वेगही मोजला जातो. दोन कमानींत १० किलोमीटर अंतर असेल आणि मर्यादा १०० असेल, तर ते अंतर कापायला किमान सहा मिनिटे लागायला हवीत. पाच मिनिटांत मोटार पोहोचली, तर तिचा सरासरी वेग १२० ठरतो. दोन्ही कमानींखाली ती ९० ने गेली असली तरी फरक पडत नाही.

इशारा चुकतो कधी?

बोगद्यात उपग्रहांचा संदेश पोहोचत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा आहे. अशा ठिकाणी नेव्हिगेशन केवळ अंदाजाने मोटारीचे स्थान दाखवते आणि बाहेर पडल्यावर इशारा उशिरा येऊ शकतो. घाटात नवा आणि जुना मार्ग जवळजवळ असतील, तर मोटार भलत्याच रस्त्यावर असल्याचा समज होऊन चुकीची मर्यादा दिसू शकते. नवा बसवलेला कॅमेरा नोंदीत नसतो, हटवलेला मात्र बरेच दिवस वाजत राहतो. अशा वेळी रस्त्यावरचा फलकच खरा मानायचा.

असा इशारा घेणे कायदेशीर आहे का?

नकाशातील नोंदींवरून मिळणाऱ्या इशाऱ्याला मोटार वाहन कायद्यात मनाई नाही. उलट २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ नुसार, जिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने लक्ष ठेवले जाते त्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावणे आवश्यक आहे. म्हणजे चालकाला आधी कळावे, हे नियमालाच अपेक्षित आहे. मात्र गाडी चालवताना हातातील उपकरणाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. त्यामुळे अंतराची निवड निघण्यापूर्वीच करायला हवी.

परदेशात मोटार भाड्याने घेणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. जर्मनीत गाडी चालवताना कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे ॲप वापरल्यास ७५ युरो दंड आहे. स्वित्झर्लंडमध्येही अशा उपकरणांवर बंदी असून ती जप्त होतात. फ्रान्सने २०१२ मध्ये मधला मार्ग काढला. तिथे कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगता येत नाही, फक्त ‘धोक्याचा टप्पा’ दाखवता येतो. त्याची लांबी शहरात किमान ३०० मीटर, शहराबाहेर दोन किलोमीटर आणि मोटरवेवर चार किलोमीटर. चालकाने एका बिंदूपुरता नव्हे, तर संपूर्ण टप्प्यात वेग आवरावा, हा त्यामागचा विचार.

दंडापलीकडे प्रश्न कोणता?

मर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनाला कायद्यानुसार एक ते दोन हजार रुपये, तर मध्यम आणि अवजड वाहनांना दोन ते चार हजार रुपये दंड होऊ शकतो. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील ७१.२ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. त्यामुळे कॅमेऱ्याच्या इशाऱ्याआधी सुरू करायचा तो वेगमर्यादेचा इशारा. तो कॅमेरा असो वा नसो, सगळीकडे वाजतो. तो पाळला, तर कॅमेरा ५०० मीटरवर आहे की ५० मीटरवर, याने चालकाला काहीच फरक पडत नाही आणि त्याच्या मागून येणाऱ्यालाही.