सुताच्या गावात वेणीचा स्वेटर विणायचाय? मग आधी हे गणित बघा

हिवाळा आला की इन्स्टाग्रामवर ते रील हमखास दिसतं. पांढराशुभ्र जाड स्वेटर, त्यावर दोराला पीळ घालावा तशा उभ्या वेण्या आणि खाली कमेंट, ‘पॅटर्न मिळेल का?’ पॅटर्न मिळतो, फुकटही मिळतो. खरी गडबड त्यानंतर सुरू होते. दोन-तीन महिने रोज संध्याकाळी विणलेला स्वेटर शेवटी डोक्यातून खालीच उतरत नाही. नाहीतर पहिल्या धुण्यात लोंबून गुडघ्याकडे निघतो.

सांगलीला लागून असलेल्या माधवनगरचं उदाहरण घेऊ. एकेकाळी कॉटन मिलमुळे नाव झालेलं हे गाव. यंत्रमाग आणि सुताचा धंदा तर इथून विटा-इचलकरंजीपर्यंत पसरलेला. मग एवढं सूत हाताशी असताना स्वेटरसाठी लुधियानाची लोकर कशाला आणायची?

कारण मागाचं सूत आणि सुयांवरची लोकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुताची जाडी ‘काउंट’मध्ये मोजतात. 20 काउंट म्हणजे एक पौंड (सुमारे 454 ग्रॅम) सुतात 840 यार्डांच्या 20 लड्या. हिशेब केला तर 100 ग्रॅममध्ये जवळपास 3,400 मीटर सूत भरतं. स्वेटरच्या मध्यम जाडीच्या लोकरीत तेवढ्याच वजनाला 220 मीटरच्या आसपास धागा असतो. म्हणजे 20 काउंटचे साधारण 15 पदर एकत्र घेतले, तर कुठे सुईवर चढण्याजोगी जाडी येते. शिवाय मागाच्या एकेरी सुताला पीळ घट्ट असतो, त्यामुळे एकच धागा घेऊन विणलं तर कापड एका बाजूला तिरकं जातं.

बरं, पदर जुळवून जाडी आणली तरी मुख्य अडचण राहतेच. वेणीच्या विणीत करायचं काय असतं? समजा सहा टाक्यांची वेणी आहे. त्यातले पहिले तीन टाके एका छोट्या जादा सुईवर घेऊन पुढे किंवा मागे धरायचे, उरलेले तीन आधी विणायचे, मग धरलेले तीन विणायचे. टाके एकमेकांना ओलांडून जातात, वेणी पडते. या ओढाताणीत धाग्याला ताणून परत आक्रसावं लागतं. लोकरीला ते जमतं. सुताला जवळजवळ जमत नाही. त्यात सूत वजनाला जड, म्हणून स्वेटर स्वतःच्याच भारानं लांबतो आणि कमरेची 1 सुलट 1 उलट पट्टी सैल पडते.

मग अॅक्रिलिक? दुकानात हातविणकामाची म्हणून मिळणारी ‘लोकर’ बहुतेक वेळा अॅक्रिलिकच असते. हलकी, स्वस्त, मशीनला धुता येणारी. पण ती घाम शोषत नाही. सांगलीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे 12-14 अंश आणि दुपारी 30 च्या घरात पारा असतो, तेव्हा दहा वाजता हा स्वेटर अंगातून काढावाच लागतो. खरी लोकर ओलावा शोषूनही कोरडी वाटते, मात्र ती महाग पडते. इथल्या हवेला सूत-अॅक्रिलिक किंवा लोकर-अॅक्रिलिक मिश्रण हा व्यवहारी मधला रस्ता आहे.

इथे कुणीतरी नक्की विचारेल, की माणदेशात, जतला एवढी मेंढरं आहेत, त्यांची लोकर का नको? दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. साधारण 30 मायक्रॉनच्या पुढचा तंतू कातडीला टोचतो. अंगाला मऊ लागणारी मेरिनो 24 मायक्रॉनच्या आत असते, दख्खनी लोकर बरीच वर जाते. घोंगडीला हा राठपणाच उपयोगी पडतो, गळ्याशी मात्र खाज सुटते.

लोकर घेताना पाकिटावरच्या ‘4 प्लाय’वर विसंबू नका. प्लाय म्हणजे पदर. चार बारीक पदरांचा धागाही 4 प्लाय आणि चार जाड पदरांचाही. 100 ग्रॅममध्ये किती मीटर, हे बघा आणि पॅटर्नमधल्या आकड्याशी जुळवा. साध्या विणीपेक्षा वेणीला लोकर जास्त लागते, विणणारे साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वाढवून धरतात. सगळी एकाच वेळी, एकाच डाय लॉटची घ्या. नंतर आणलेला गुंडा दुकानात सारखा दिसतो, उन्हात वेगळा.

आता टाके. सगळ्यात जास्त स्वेटर बिघडतात ते इथे. समजा साध्या विणीत 10 सेंटीमीटरला 22 टाके बसतात आणि पुढचा भाग 50 सेंटीमीटर रुंद हवाय, म्हणून 110 टाके घातले. पण पूर्ण भागावर वेण्या घेतल्या की वीण आत ओढली जाते आणि त्याच 10 सेंटीमीटरला, समजा, 26 टाके लागतात. मग 110 टाक्यांत रुंदी मिळते जेमतेम 42 सेंटीमीटर. पाठीलाही वेण्या असतील तर छातीचा घेर 100 ऐवजी 85 च्या आत. टाके हवे होते 130.

म्हणून आधी वेणीसकट नमुन्याचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच मोजायचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एका संध्याकाळचं काम आहे.

पॅटर्न मुळात थंड मुलखासाठी लिहिलेला असतो, हेही लक्षात घ्या. हा प्रकार प्रसिद्ध झाला आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अॅरन बेटांवरून. प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी, बुडालेला कोळी त्यावरून ओळखायचे, ही फिरणारी गोष्ट खरी नाही. जे. एम. सिंग यांच्या 1904 च्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख पटते ती मोज्याच्या टाक्यांवरून. स्वेटर नाही, वेणी तर नाहीच. पुढे त्याची दंतकथा झाली. वेणी जिथे ओलांडते तिथे कापड दुप्पट जाड होतं, अटलांटिकच्या वाऱ्यात ते बरंच. सांगलीत पाठ आणि बाह्या साध्या ठेवून फक्त पुढे मधोमध एक-दोन वेण्या घेतल्या तर उकडत नाही, लोकर वाचते आणि हिशेबही सोपा होतो. बिनबाह्यांचा केला तर आणखी बरं.

माप बदलताना वेणीचे टाके कमी-जास्त करू नका, दोन वेण्यांमधले उलट टाके किंवा कडेचे साधे टाके बदला. कमरेच्या पट्टीनंतर पहिली वेणी ओलांडायच्या आधी प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवा. गळ्याशी आणि खांद्याशी टाके बंद करताना वेणीवरचे दोन टाके एकत्र विणून कमी करा, नाहीतर तिथे झालर उठते.

आणि अॅक्रिलिकच्या स्वेटरवर गरम इस्त्री चुकूनही फिरवू नका. वेण्या चपट्या होतात आणि पुन्हा उठत नाहीत. ओला स्वेटर तारेवर न टांगता टॉवेलवर आडवा पसरून वाळवा.