मेरीच्या कोकराची कवयित्री

मेरी नावाची मुलगी आणि तिच्या पाठोपाठ शाळेत शिरलेले तिचे कोकरू यांचे इंग्रजी गाणे बालवाडीतल्या मुलांच्या तोंडी इतक्या सहजतेने खेळते की, ते कोणा एका व्यक्तीने, अमुक एका साली, काही विशिष्ट हेतू मनाशी धरून रचले असेल, असा विचारही सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. बालगीताला अशी लोकमान्यता लाभते ती बहुधा कर्त्याचे नाव पुसले गेल्यावरच; परंतु या गाण्याच्या अमेरिकन कवयित्री सारा जोसेफा हेल यांच्या कर्तृत्वावर मात्र त्यांच्या हयातीतच दुसऱ्यांनी दावा सांगितला.

सारा यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर प्रांतातील न्यूपोर्ट या गावी झाला. स्त्रियांना महाविद्यालयांची दारे त्या काळी बंद होती. परंतु थोरला भाऊ होरेशिओ डार्टमथ येथे जे शिके, ते त्याने बहिणीलाही शिकविले. पुढे १८१३ मध्ये डेव्हिड हेल या वकिलाशी विवाह झाल्यावर हा विद्याव्यासंग खंडित न होता उलट वाढीस लागला, कारण रोज रात्री आठ ते दहा हे दोन तास पतिपत्नींनी एकत्र अध्ययनासाठी राखून ठेवले होते. हे सुख जेमतेम नऊ वर्षे टिकले. १८२२ मध्ये डेव्हिड हेल निवर्तले, तेव्हा पाचवे अपत्य अजून जन्मायचे होते. हेलबाईंनी त्या दिवशी जी काळी वस्त्रे अंगावर घेतली, ती मरेपर्यंत उतरविली नाहीत.

चरितार्थासाठी त्यांनी प्रथम नणंदेच्या भागीदारीत स्त्रियांच्या टोप्यांचे दुकान चालवून पाहिले, मग लेखणी हाती घेतली. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीमुळे पुढच्याच वर्षी त्यांना बोस्टनमध्ये स्त्रियांच्या एका मासिकाचे संपादकपद मिळाले. शाळांतून गायन शिकविले जावे यासाठी खटपट करणाऱ्या लोवेल मेसन या संगीतज्ञाला तेथे मुलांना म्हणता येतील अशी पदे हवी होती. त्याच्या सांगण्यावरून हेलबाईंनी १८३० मध्ये पंधरा कवितांची एक लहानशी पुस्तिका काढली, आणि मेरीची कविता त्यांतलीच. कवयित्रीचा हेतू निखळ उपदेशाचा होता. मुक्या प्राण्याशी मायेने वागावे म्हणजे तोही माया लावतो, हे शाळामास्तरांच्या मुखाने सांगण्यासाठीच सगळा प्रपंच. मुलांनी मात्र कोकरू तेवढे ठेवून घेतले आणि मास्तरांचा बोध बहुतेक विसरून टाकला. माझ्या मते या बाबतीत मुलांची रसिकता कवयित्रीपेक्षा सरस ठरली.

१८३७ मध्ये लुई गोडी या प्रकाशकाने ते मासिक विकत घेऊन आपल्या ‘लेडीज बुक’मध्ये विलीन केले, तेव्हा नव्या मासिकाचे संपादकत्वही हेलबाईंकडेच आले आणि चाळीस वर्षे राहिले. १८६० च्या सुमारास त्याचा खप दीड लाखावर गेला होता. या आसनावरून त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा आणि वैद्यकीच्या पेशात त्यांना प्रवेश मिळावा याचा हिरिरीने पुरस्कार केला. मात्र त्याच स्त्रियांना मताधिकार मिळण्यास त्यांचा अखेरपर्यंत विरोध होता, आणि ही विसंगती त्यांना स्वतःला कधी जाचली असेल, असे त्यांच्या लिखाणावरून दिसत नाही. कृतज्ञतादिन सर्व राष्ट्राने एकाच दिवशी पाळावा म्हणून त्या राष्ट्राध्यक्षांमागून राष्ट्राध्यक्षांकडे वर्षानुवर्षे अर्ज पाठवीत राहिल्या. अखेर १८६३ च्या ऑक्टोबरात लिंकनने तसा जाहीरनामा काढला. नवल असे की, तेव्हा देशात यादवी युद्ध पेटलेले असतानाही गोडीच्या मासिकाच्या पानांत त्याचा उल्लेखही येऊ दिला जात नसे.

वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, १८७७ च्या डिसेंबरात, त्यांनी संपादकीय लेखणी खाली ठेवली. त्याच महिन्यात एडिसनने आपल्या नव्या ध्वनिलेखन यंत्राची परीक्षा घेण्यासाठी त्यात तोंड घालून जी कविता म्हटली, ती मेरीच्या कोकराचीच होती.

कवितेच्या कर्तृत्वाचा वाद उपस्थित झाला तोही याच सुमारास. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावच्या मेरी सॉयर या बाईंनी सांगितले की ती मेरी आपणच. कोकरू आपल्यामागून शाळेत आले तेव्हा जॉन रोल्स्टन नावाचा विद्यार्थी तेथे हजर होता, आणि त्याने दुसऱ्या दिवशी एका चिटोऱ्यावर ते पद लिहून आणून दिले. बोस्टनच्या एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या रक्षणासाठी निधी जमविला जात होता, तेव्हा कोकराच्या लोकरीचे म्हणून सांगितलेले मोजे उसवून त्यांचे धागेही या बाईंनी आपल्या सहीनिशी विक्रीस दिले. चिटोरे मात्र कोणाला दाखविता आले नाही, आणि रोल्स्टन तर तरुणपणीच वारला होता. हेलबाईंनी हा दावा साफ नाकारला. ३० एप्रिल १८७९ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले.

प्रकरण येथे मिटायला हरकत नव्हती. परंतु पन्नासएक वर्षांनी मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड याने त्यात मन घातले, मेरीच्या बाजूने कौल दिला, तिची शाळा म्हणून सांगितली जाणारी इमारत स्टर्लिंगहून सडबरी येथे आणून उभी केली, आणि कवितेचा पूर्वार्ध रोल्स्टनचा व उत्तरार्ध हेलबाईंचा, अशी परस्पर वाटणीही करून टाकली.