काझीरंगाला पूर हवाच असतो! मग गेंडे हायवेवर का येतात, आणि पावसाळ्यात तिथे जावं का?

जून-जुलैमध्ये ब्रह्मपुत्रा फुगली की दरवर्षी एक व्हिडिओ व्हायरल होतो. पाण्यातून पोहत आलेला गेंडा हायवेच्या कडेला उभा आणि समोर मोबाइल घेतलेले लोक. खाली कमेंट ठरलेली असते, ‘बिचाऱ्याचं घर बुडालं.’ हे अर्धंच खरं आहे.

आसाममधलं काझीरंगा राष्ट्रीय उद्यान ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानातच वसलं आहे. नदीचं पाणी इथल्या तळ्यांत, म्हणजे स्थानिक भाषेत ‘बील’मध्ये शिरतं. ते साचलेली जलपर्णी वाहून नेतं, मासे आणतं आणि मागे गाळ सोडतं. त्या गाळावर उंच गवत वाढतं आणि गेंडा जगतो तो या गवतावर. पूर आलाच नाही तर तळी आटतील, गवताळ भागात हळूहळू झाडं वाढतील. 2022 च्या गणनेत इथे 2613 एकशिंगी गेंडे होते. इतके गेंडे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि त्याचं बरंचसं श्रेय या पुराला द्यावं लागतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण रस्त्यात आहे. पाणी चढलं की प्राणी दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे निघतात. ही त्यांची जुनी वाट. पण उद्यान आणि डोंगर यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वीचा 37, आताचा 715. त्याच्या कडेला हॉटेलं, चहाचे मळे, वस्त्या. पानबारी, हल्दीबारी, कांचनजुरी अशा मोजक्याच पट्ट्यांतून प्राण्यांना पलीकडे जाता येतं. 2024 च्या पुरात 200 हून अधिक प्राणी गेले. त्यात सर्वाधिक संख्या हॉग डियर या छोट्या हरणांची होती. बहुतेक प्राणी बुडून मेले, काही मात्र गाडीखाली आले.

म्हणून पुराच्या दिवसांत या पट्ट्यात वेगमर्यादा ताशी 40 किलोमीटर असते आणि गाड्यांना ‘टाइम कार्ड’ दिलं जातं. हिशोब साधा आहे. एका नाक्यावर वेळ लिहून कार्ड देतात, पुढच्या नाक्यावर तपासतात. समजा मधलं अंतर 20 किलोमीटर आहे, तर 30 मिनिटांच्या आत पोहोचलेला ड्रायव्हर वेगात आला हे उघड आहे. तिथे कॅमेरा लागत नाही.

कायमचा उपाय म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये कालियाबोर-नुमालीगड रस्ता चौपदरी करायला मंजुरी दिली. त्यातला सुमारे 34 किलोमीटरचा भाग उन्नत असेल. गाड्या वरून, प्राणी खालून. खर्च 6957 कोटी रुपये. पूल उभा राहीपर्यंत मात्र भिस्त त्या कार्डावर आणि ड्रायव्हरच्या उजव्या पायावर!

पावसाळ्यात गेलं तर काय दिसेल?

उद्यान नाही. साधारण मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत सफारी बंद असते. आतले रस्तेच पाण्याखाली जातात. वनरक्षक मात्र आतच असतात. पाणी चौक्यांना वेढतं तेव्हाही ते होडीने गस्त घालतात, कारण शिकाऱ्यांना हीच वेळ सोयीची वाटते.

जोरहाट किंवा शिवसागरकडे जाताना गाडी याच महामार्गाने जाणार असेल, तर थांबू नका. रस्त्याकडेचा गेंडा पोहून थकलेला असतो. गर्दीने वाट अडवली की तो परत पाण्यात उतरतो किंवा अंगावर येतो. सेल्फीसाठी दोन्ही पर्याय वाईटच. एकटं पडलेलं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, जवळच्या वनचौकीला कळवा. अशा पिल्लांवर 2002 पासून काझीरंगाजवळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्रात उपचार होतात.

ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरलं, रस्ते वाळले की जीप सफारी सुरू होते, आधी बहुधा कोहोरा आणि बागोरी भागांत. तेव्हा गवत माणसापेक्षा उंच असतं, त्यामुळे गेंडा दहा फुटांवर असूनही दिसत नाही. नीट पाहायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चचं तिकीट काढा. तोवर जुनं गवत जाळलेलं असतं आणि कोवळे कोंब खायला गेंडे उघड्यावर आलेले असतात.