हातचें काम आणि मनाचें सुख

सुखाचीं साधनें मोजतांना आपण आरोग्य मोजतों, द्रव्य मोजतों. 'आपल्या हातून काम नीट होतें' ही जाणीव मात्र क्वचितच मोजतों. शेल्डन, रायन व रीस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत विद्यार्थ्यांनीं दोन आठवडे रोज आपल्या मनःस्थितीची नोंद ठेविली होती. ज्यांस स्वतःच्या कर्तृत्वाविषयीं विश्वास अधिक, त्यांचे दिवस सरासरीनें अधिक सुखाचे गेले. परंतु प्रत्येकाचा दिवस त्याच्याच इतर दिवसांशीं ताडून पाहिला, तेव्हांही तेंच दिसलें: ज्या दिवशीं नेहमींपेक्षां काम अधिक साधलें असें वाटलें, तो दिवस अधिक आनंदाचा गेला.

म्हणून घरांतील मंद मुलास हुशार चुलतभावाचें माप लावूं नये, असें आम्हांस वाटतें. काल अडलेलें गणित आज सुटलें कीं नाहीं, एवढेंच पाहावें. वृद्धांविषयीं तर आपली चूक दयेच्या पोटीं होते. "आतां स्वस्थ बसा" म्हणून आपण आत्याबाईंच्या हातची पळी काढून घेतों, आणि मग त्या उदास कां, म्हणून विचारतों. हात कांपत असेल, तर जड पातेलें आपण उतरावें. फोडणी त्यांनाच घालूं द्यावी.