जुन्या गाडीचे हेड : दुरुस्ती की बदल?

मुंबईहून मोटारीने एडवणला जाणारे अनेकजण वरई फाट्यावर महामार्ग सोडून, घाट ओलांडून सफाळ्याकडे उतरतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीची खरी परीक्षा या चढावर होते. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला तरी 'गाव आलेच' म्हणत गाडी दामटली जाते आणि पोहोचताच विहिरीचे थंड पाणी तापलेल्या रेडिएटरमध्ये ओतले जाते. सिलिंडर हेडचा घात होतो तो या दोन घायांनी.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते, गॅस्केट निकामी होते आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरते. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातील क्षार तर हेडमधील पाण्याच्या वाटा आतून कुरतडत राहतात. हे नुकसान हेड उतरविल्याखेरीज दिसत नाही.

त्यामुळे नुसते गॅस्केट बदलणे ही फसवी काटकसर होय. सरळ पट्टी आणि फिलर गेजने आधी बाक मोजावा. किरकोळ बाक फेसिंग करून निघतो. मात्र प्रत्येक फेसिंगला हेडची जाडी घटते आणि कॉम्प्रेशन वाढते, म्हणून पूर्वी बरेच घासलेले हेड पुन्हा घासू नये. पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत दाबाची हवा सोडली की बुडबुडे तड दाखवितात. कडेची झीज आर्गन वेल्डिंगने भरता येते. व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये तड गेली असेल, तर हेड बदललेले बरे.

पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीचे हेड बहुधा जुन्या बाजारातच शोधावे लागते. तेही पैसे मोजण्यापूर्वी याच कसोट्यांवर तपासून घ्यावे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर असल्याने केवळ हेड बदलल्यास आरटीओच्या नोंदीला धक्का लागत नाही. संपूर्ण इंजिन बदलल्यास मात्र नोंद करावी लागते.

हेड बसविताना बोल्ट मध्यापासून कडांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी व कूलंट भरावे, आणि थर्मोस्टॅट व पंखाही त्याच वेळी तपासावा. अन्यथा पुढच्याच घाटात नवे हेडही वाकेल.