सातबारा कुणाच्या नावावर?

‘जमीन भाड्याने द्या, सातबारा तुमच्याच नावावर राहील.’ मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हा प्रचार ऐकला की आम्हा धुळेकरांचं डोकं फिरतं. 2023 पासून हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं, त्यात दरसाल 3 टक्के वाढ. सौदा वाईट नाही. पण ही अक्कल आधी कुठे गेली होती?

सौरकंदील, सौरचूल आणि अनुदानाच्या फायलींची जुनी वर्षं सोडून देऊ. 2009 नंतरचं दशक सोडता येत नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 2013 मध्ये महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला, त्याचे गोडवे गायले गेले. तिकडे शिंदखेडा तालुक्यात औष्णिक प्रकल्पाच्या नावाने भूसंपादन चाललं होतं. पुढे त्याच जमिनीवर सौरप्रकल्पाची भाषा सुरू झाली. कोळसा जाऊन ऊन आलं, पण जमीन काढून घेण्याची रीत तीच राहिली. मोजणी, पंचनामा, नोटीस, निवाडा. झाडं आणि विहीर कागदावर चढली तर भाव, नाही तर माती. शेतकऱ्याला नोटीस यायच्या आत दलाल बांधावर हजर.

याच भूसंपादनात विखरणच्या धर्मा पाटलांना पाच एकरांचे जेमतेम चार लाख मिळाले, शेजाऱ्याला त्याच्या कितीतरी पट. अर्ज करून थकलेल्या या म्हाताऱ्याने 22 जानेवारी 2018 ला मंत्रालयात विष घेतलं. 28 तारखेला ते गेले. मग मात्र फाईल धावू लागली. आणि भाडेपट्ट्याची सोय असलेली सौर कृषी वाहिनी योजना जून 2017 मध्येच जाहीर झालेली होती! म्हणजे पॅनल बसवायला मालकी लागत नाही, हे सरकारला तेव्हाही ठाऊक होतं.

आता या योजनेची नजर गायरानावर आहे. प्रकल्प आला की ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तेही तीनच वर्षं. तिथे शेळ्या चारणाऱ्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, म्हणून त्याला भाडंही नाही. या योजनेतून शेतीला मिळणारी दिवसाची वीज हवीच. रात्री पाणी भरताना साप-विंचवाची धास्ती काय असते, ते शेतकऱ्याला विचारा. पण ग्रामसभेत चराईचा हिशेब मांडल्याशिवाय गायरान देऊ नये, आणि ज्यांची शेतं कायमची गेली त्यांचे जुने निवाडे आजच्या भाड्याशी ताडून पुन्हा उघडावेत. तोवर सातबाऱ्याची ही शेखी आमच्या जिल्ह्यात तरी मिरवू नये.