सीनियरचा रिपोर्ट

फायनल इयरला आलं की मेसमध्ये दोनच प्रश्न असतात. "प्रोजेक्ट काय घेतलंस?" आणि "सीनियरचा रिपोर्ट मिळेल का?" मीही रिपोर्ट शोधणाऱ्यांतलाच! पण मित्रांनो, एका प्रोजेक्टची हकिकत वाचली आणि स्वतःचीच लाज वाटली.

आय.आय.टी. कानपूरला डॉ. मणींद्र अग्रवाल कॉम्प्युटर सायन्स शिकवतात. त्यांनी बी.टेक.च्या मुलांना प्रश्न दिला तो चक्क न सुटलेला. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने कसं सांगायचं?

यात अवघड काय, असं वाटेल. वर्गमुळापर्यंत भागत सुटायचं! पण संख्या शंभर अंकी असेल तर वर्गमूळच पन्नास अंकी. कॉम्प्युटरचंही आयुष्य संपेल. जलद पद्धती होत्या, पण एकतर त्यात चुकण्याची किंचित शक्यता राहायची किंवा त्या सिद्ध न झालेल्या गृहीतकावर उभ्या होत्या.

आता गंमत बघा. (क्ष + १) चा पाचवा घात काढला की सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. मधल्या सगळ्यांना ५ ने भाग जातो. चौथ्या घाताचे येतात १, ४, ६, ४, १. इथे ६ ला ४ ने भाग जात नाही. संख्या मूळ असेल तर मधले सगळे भागले जातात, संयुक्त असेल तर कुठेतरी अडतंच. पण शंभर अंकी घाताचे एवढे सहगुणक काढणार कोण? त्यावर युक्ती अशी, की नीट निवडलेल्या एका छोट्या बहुपदीने भागून फक्त बाकी बघायची. १ च्या जागी २, ३ असे मोजके आकडे घेऊन तेच करायचं. एवढी तपासणी पुरते, हे अग्रवाल सर, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये सिद्ध केलं. दोघांचं बी.टेक. त्याच वर्षी झालं होतं!

२००४ मध्ये हा निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आला, २००६ मध्ये गोडेल पुरस्कार मिळाला. रोजच्या वापरात आजही जुन्या पद्धतीच जास्त वेगवान ठरतात, पण खात्रीचा जलद मार्ग आहे हे कळलं ते इथे. त्या पद्धतीचं नाव 'ए.के.एस.', म्हणजे एक गुरू आणि दोन शिष्य.

आणि हो, आदल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांचं प्रोजेक्टही याच प्रश्नावर होतं. म्हणजे सीनियरचा रिपोर्ट यांच्याकडेही होता. फरक एवढाच, की त्यांनी तो उतरवून काढला नाही. जिथे तो संपला, तिथून पुढे सुरुवात केली.